मशीन काढणार नाही

९ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपार

ही डायरी दर्शनाने मला एक जानेवारीला दिलेली. आज नऊ नोव्हेंबर. मधले दहा महिने एक अक्षर लिहिलं नाही हे कबूल करतो, कारण ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही आणि स्वतःशी खोटं बोलायची मला सवय नाही. कारणं होती. जानेवारीत मनासारखं पेन नव्हतं. फेब्रुवारीपासून हळदींचा सीझन, आमच्या गावात एकेका रात्री तीन-तीन हळदी. मे महिन्यात डायरी सापडेना. जूनमध्ये सापडली तर पहिल्या पानावर आईने कुणाचा तरी फोन नंबर लिहून ठेवलेला. मूड गेला. पुढचं आठवत नाही.

दर्शना माझी मोठी बहीण. बँकेत आहे. तिला वाटतं रोज लिहिलं की माझ्या आयुष्याला वळण लागेल. माझं आयुष्य सरळ चाललंय. एफवायला दोनदा बसलो, आयटीआयला एकदा गेलो, तिकडच्या लोकांना शिकवता येत नाही.

पण आजपासून लिहिणार, कारण विषय मिळालाय. ठाणे जिल्ह्याचा कर्णबधिर कबड्डी संघ निवडतायत. तीस तारखेला शेजारच्या जिल्ह्याशी मॅच, जिंकणारा संघ डिसेंबरात राज्य स्पर्धेला. मी जाणार. तसा मी बहिरा नाही. थोडं कमी ऐकू येतं एवढंच, म्हणून चार वर्षांचा असल्यापासून दोन्ही कानांना मशीन. मशीन लावली की विषय संपला. पण त्यांच्या संघाला माझ्यासारखा माणूस मिळत असेल तर मी कोण नाही म्हणणारा.

खरं कारण शिवरामदादा. माझा चुलतभाऊ. गावच्या संघाचा कॅप्टन आणि डीजेचा मालक, पंधरा वर्षं झाली, कल्याणपासून टेंभी नाक्यापर्यंत ज्याच्या बॉक्ससमोर लोक नाचतात तो. गणपतीनंतर त्याने मला संघातून काढला. सगळ्यांसमोर म्हणाला, "नयन्या, तुला मागून हाक मारली तर ऐकाला येत नाय. तू भायेर बस, पोरांना पानी दे." मी पाणी दिलं नाही, सरळ निघून आलो. एक बाटली दिली, पण ती आधीच हातात होती.

राज्य स्पर्धेचं मेडल गळ्यात घालून त्याच्या डीजेच्या टेम्पोसमोर उभा राहणार. बोलणार काहीच नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाच वाजता उठणे, धावणे, अंडी.

१० नोव्हेंबर, सोमवार

साडेनऊला उठलो. झोपताना मशीन काढलेली असते, त्यामुळे अलार्म ऐकू येत नाही. चूक अलार्मची आहे. अंडी खाल्ली. म्हणजे तीनपैकी एक संकल्प पहिल्याच दिवशी पूर्ण.

प्रॅक्टिस कल्याणला, सहा वाजता. मी चारलाच निघालेलो. वाटेत ठाकुर्लीला एकाची जुनी बुलेट विकायला होती. घ्यायची नव्हती, पण कोणीतरी चालवून बघायला पाहिजे होतं. मग त्या माणसाबरोबर चहा झाला, मग त्याच्या मेव्हण्याने पाळलेले कोंबडे बघितले. सात वाजता ग्राउंडवर पोचलो. एंट्री जबरदस्त झाली, सगळे माझ्याकडेच बघत होते.

एक गोष्ट विचित्र. अख्ख्या ग्राउंडवर आवाज नाही. चौदा-पंधरा पोरं हातांनी बोलतायत, हसतायत, एकमेकांना शिव्या पण हातांनीच देतायत, आणि मध्ये मी. खुणा मला येत नाहीत. लहानपणी शाळेतल्या सरांनी बाबांना सांगितलेलं, पोराला खुणा शिकवू नका, मग बोलणार नाही. म्हणून मी बोलतो. भरपूर बोलतो.

साकेत नावाचा एक आहे. डोंबिवली एमआयडीसीत पॅकिंगला असतो, डावा कोपरा सांभाळतो. त्याला मी माझं पूर्ण करिअर सांगितलं, अर्धा तास. समजूतदार पोरगा, एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. नंतर कोच निशिगंधा मॅडम म्हणाल्या की साकेतला जन्मापासून काहीच ऐकू येत नाही, आणि तू सगळा वेळ ग्राउंडकडे तोंड करून बोलत होतास, त्यामुळे त्याला ओठही दिसले नसणार. असेल. पण चेहऱ्यावर आदर होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रागात लिहितोय.

मॅडमनी आज नियमांचा कागद वाचून दाखवला, तोंडाने आणि हातांनी, दोन्ही एकदम. त्यांना ऐकू येतं, त्या कर्णबधिर शाळेत शिकवतात. नियम असा की कर्णबधिरांच्या स्पर्धेत मैदानाभोवतीच्या दोरीच्या आत कानाची मशीन चालत नाही. वॉर्मअपपासूनच नाही. ज्यांच्या डोक्यात ऑपरेशन करून यंत्र बसवलंय त्यांनी बाहेरचा तुकडा काढायचा. दोरीजवळ स्टीलचा डबा असतो, लग्नात बुंदी ठेवतात तसला. मशीनला नावाची चिठ्ठी लावून डब्यात टाकायची आणि मग आत. आत कोणी मशीन घालून सापडला तर बाहेर काढतात, वर वर्षभर बंदी.

मी उभा राहिलो. विचारलं, चष्मेवाल्याला कधी चष्मा काढायला लावता का?

सगळे वळून बघायला लागले, कारण मॅडम माझं बोलणं त्यांना हातांनी सांगत होत्या. मग मॅडम म्हणाल्या, "कमी दिसणाऱ्यांचीच स्पर्धा असती तर लावला असता."

याला काही लॉजिक आहे का? आहे. पण मला पटलं नाही. मॅडमचं म्हणणं, एकाच्या मशीनमधून बरंच ऐकू येतं, दुसऱ्याच्या मशीनमधून नुसता गोंगाट येतो, तिसऱ्याला मशीनचा उपयोगच नाही. म्हणून दोरीच्या आत सगळ्यांना एकच शांतता. वाक्य चांगलं आहे. पण माझा कान, माझी मशीन. मला शांतता पाहिजे की नको ते मी ठरवणार.

निषेध म्हणून दोरीच्या बाहेर प्रॅक्टिस केली. कबड्डी एकट्याने फार होत नाही. सूर्यनमस्कार घातले, सहा. सहाव्याला कंबर बोलली.

ठराव: मशीन काढणार नाही. काढणार नाही म्हणजे नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस अर्ज लिहिण्यात गेले. म्हणजे अर्ज काल दुपारी लिहिला, आधीचे दोन दिवस त्याचा विचार करत फिरत होतो. ठाण्याला तलावपाळीवर जाऊन बसलो तर तिथे एक माणूस पोपटाला शिट्टी वाजवायला शिकवत होता. दुपार तिथेच गेली. पोपट शेवटपर्यंत शिकला नाही. मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

अर्जातला मुख्य मुद्दा: महोदय, मी संघात सगळ्यात चांगला बोलतो. संघाला मैदानात माझ्या सूचनांची गरज आहे. मशीन काढल्यास माझा आवाज मलाच ऐकू येणार नाही, आणि जो माणूस स्वतःला ऐकू शकत नाही तो दुसऱ्यांना काय सूचना देणार? हा संघावर अन्याय आहे.

खाली पंधरा सह्यांची जागा सोडलेली. आज एक सही झाली. माझी.

साकेतने अर्ज पूर्ण वाचला, दोनदा. मग मोबाईलवर टाईप करून मला दाखवलं, "आमच्याकडे काढायला काही नाही. तू उपोषणाला बस, आम्ही बघायला येतो." तेच त्याने हातांनी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. मला वाटलं पाठिंबा आहे, मी पण हलवले. मॅडम म्हणाल्या, या टाळ्या आहेत. साकेतसाठी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज मशीन काढून आत गेलो. ही माघार नाही. शत्रूचा प्रदेश बघून यायला पाहिजे.

डब्यात मशीन टाकताना चिठ्ठीवर 'नयन काळुराम मढवी, निषेधासह' असं लिहिलं.

आत काही वाटलं नाही. खरंच काही नाही. पाय आपटतोय ते तळव्याला कळतं पण आवाज नाही. आपण ओरडलो की नुसता घसा दुखतो. पाच मिनिटांनी पाणी प्यायला बाहेर आलो. मग परत आत. एकूण नऊ वेळा तहान लागली. मॅडमनी विचारलं बरं वाटत नाही का. ऊन फार आहे म्हटलं. संध्याकाळचे सात वाजलेले.

आमच्या या स्पर्धेत चढाई करणाऱ्याने कबड्डी-कबड्डी म्हणायचं नसतं. तीस सेकंद मोजतात आणि पंच शिट्टीऐवजी झेंडा हलवतो. म्हणजे माझा घुमणारा दमही फुकट. माझ्यासारख्याचं नुकसान करायला कोणीतरी मुद्दाम बसलेलं आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नवीन संकट. कानाच्या टेस्टचा कागद जोडायचा आहे. जो कान जास्त चांगला, त्याचा आकडा किमान पंचावन्न डेसिबल पाहिजे. त्याच्या खाली आला तर तुम्हाला जास्त ऐकू येतं, घरी जा.

पूर्ण दिवस टेन्शनमध्ये. मला तर चांगलंच ऐकू येतं. मशीन मी सवय म्हणून लावतो. पंचेचाळीस-पन्नास आला तर? शिवरामदादा म्हणेल, बहिऱ्यांनी पण काढला.

आज तो नाक्यावर भेटलाच. मी कर्णबधिर संघात खेळतोय हे त्याला तीनदा सांगावं लागलं. माणूस मोठा झाला की समोरच्याचं ऐकत नाही. बोलतो पण सगळं ओरडून. शेवटी कळलं तेव्हा हसला आणि म्हणाला, तिथं पन पानीच देतंस का?

आईला म्हटलं, टेस्टमध्ये माझा आकडा पंचावन्नच्या वर येऊ दे म्हणून एकविरेला नवस बोल. आई भाकऱ्या थापत होती. माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाला, वीस वर्सं झाली, आईला तुझे कान बरे कर म्हनून सांगतंय. आता ते राहू दे म्हनून कसं सांगू? ती काय आपली कामवाली हाय?"

म्हणून स्वतःच प्लॅन केला. लहानपणी कानाच्या टेस्टमध्ये मी पास व्हायचो कारण समोरच्या काचेत बाईंचा हात दिसायचा. त्यांनी बटण दाबलं की मी बोट वर करायचो. सगळे खूश. आता उलट करायचं. आवाज आला तरी चेहऱ्यावर रेषा हलू द्यायची नाही. आरशासमोर अर्धा तास सराव केला. मला अभिनय जमतो हे आज कळलं, या क्षेत्रात विचार करायला हरकत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ठाण्याला, टेंभी नाक्याच्या मागे कानाचा दवाखाना. करिश्मा मॅडम म्हणून आहेत. आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन घातला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं.

मी डोळे मिटले. आवाज सुरू झाले. बारीक टूं टूं, मग भुंग्यासारखा एक, मग लांब शिट्टी. मी दगडासारखा बसलो. एकेचाळीस आवाज मोजले, एकाला पण बटण दाबलं नाही. मनात म्हटलं, नयन, हे ऑलिम्पिक लेव्हल आहे.

तेवढ्यात करिश्मा मॅडमनी दार उघडून सॉरी म्हटलं. कॉम्प्युटर हँग झालेला, टेस्ट अजून सुरूच केली नव्हती.

मग ते एकेचाळीस आवाज कुणाचे? त्या म्हणाल्या, कान कमजोर असले की बऱ्याच जणांना आतल्या आत आवाज येतात.

मग खरी टेस्ट झाली. इथे खरं लिहितो. दुसऱ्या वेळी मी अभिनय केला नाही. का ते माहीत नाही. आला तो प्रत्येक आवाज दाबला, एक पण सोडला नाही. पण आवाज फारच थोडे आले. मधे-मधे एवढा वेळ काहीच नाही की मला वाटलं कॉम्प्युटर परत हँग झाला, म्हणून काचेतून बघितलं. करिश्मा मॅडमचं बोट बटणावर होतं.

उजवा चौऱ्याऐंशी. डावा एकोणऐंशी.

त्यांनी विचारलं, या आधी टेस्ट कधी केलेली. दहावीत म्हटलं, तेव्हा अडुसष्ट होता. तेव्हा मी काचेत बघत होतो ते सांगितलं नाही.

तर, पात्र ठरलो. बाकी ज्यांचा कॉम्प्युटर हँग होतो असं ते स्वतःच कबूल करतात, त्यांचे आकडे किती मनावर घ्यायचे? घरी येताना गाडी फार हळू चालवली. पेट्रोल वाचतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजचा दिवस डायरीत सोनेरी पेनाने लिहायला पाहिजे होता. नाही आहे.

निवड झाली. सातात मी. जर्सी पण सात नंबरची.

कशामुळे, तर आवाजामुळे. समोरचा चढाईला आला की आम्ही हातात हात धरून साखळी करतो. कोपऱ्यात साकेत, त्याच्या बाजूला मी, पुढे बाकीचे. साकेत थोडा घाबरट आहे. रेडर आत आला की माझा हात दाबतो, एकदाच, जोरात. मी पण मोठ्या मनाने त्याला धीर देतो. रेडर अगदी अंगावर येतो तेव्हा तो जास्त घाबरत असणार, म्हणून त्या वेळी मी त्याचा हात पटपट दोनदा दाबतो, जसं आपण लहान पोराला म्हणतो की आहे मी, आहे मी. दुसऱ्या बाजूच्याचा पण दाबतो, भेदभाव नको. आणि त्याच क्षणाला मी बेंबीच्या देठापासून ओरडतो, "धर!"

अख्खी साखळी उडी मारते. एकदम. आज सात वेळा ओरडलो, सात वेळा रेडर जमिनीवर. निशिगंधा मॅडम पण बघत राहिल्या. म्हणाल्या, तुझं टायमिंग कुठून आलं?

टायमिंग नाही मॅडम, नेतृत्व.

आता मुद्दा बघा. मशीन नसताना माझा आवाज एवढं काम करतो. मशीन असती तर मला माझा आवाज ऐकू येऊन तो अजून सुधारला असता. नियम चूक आहे हे मी मैदानावर सिद्ध केलं. मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, साकेतकडे बघितलं, आणि डबा उचलून निघून गेल्या. मुद्दा मान्य.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या मॅच. पाच दिवस लिहिलं नाही कारण प्लॅन गुप्त होता.

उद्या मशीन घालून खेळणार. अख्खा संघ माझ्या आवाजावर उभा आहे आणि मी आंधळेपणाने ओरडायचं? दहावीतली जुनी जोडी कपाटात आहे, बंद पडलेली. ती डब्यात टाकायची, चिठ्ठीसकट. चालू जोडीतली डावी मशीन कानात, वर रुंद हेडबँड. घाम पुसायला असतो तो. कोणाच्या बापाला कळणार नाही.

दर्शनाला सांगितलं. ती म्हणाली तू पकडला गेलास तर तुझं सोड, त्या पोरांचं काय? तीन वर्षांनी आपला जिल्हा इथवर आलाय. मी म्हटलं, मी हे त्यांच्यासाठीच करतोय. त्यावर ती दिवा बंद करून झोपली. पटलं असणार.

क्रांतिकारकांना घरातून सपोर्ट नसतोच.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहितो. नंतर कोणी इतिहास बदलायला नको.

बघायला आई, दर्शना आलेल्या. शिवरामदादा पण आलेला, टाइमपासला, हातात चण्यांची पुडी. डब्यात जुनी जोडी गेली. कोणी तपासलं नाही.

पहिल्या हाफला आपण चौदा, ते नऊ. त्यातल्या पाच पकडी माझ्या "धर"वर. आता आवाज मला स्वतःला पण येत होता. थोडा चिरका आहे, वाटलं नव्हतं.

दुसऱ्या हाफला हेडबँड घामाने वर सरकायला लागला. मशीनचं टोक दिसेल म्हणून मी तो खाली ओढून कानावर घट्ट बसवला. पुढच्या चढाईला पंचाने झेंडा हलवून मॅच थांबवली.

काय झालं कोणाला कळेना. म्हणजे आम्हा चौदा जणांना कळेना. पंच इकडेतिकडे बघतोय. दुसऱ्या पंचाने एक कान बोटाने बंद केलाय. पब्लिकमध्ये बायका कानांवर हात ठेवून बसल्यात. आईने डोक्याला हात लावलेला. निशिगंधा मॅडम डोळे मिटून उभ्या. एकटा शिवरामदादा आरामात चणे खात होता आणि बाजूच्याला काय झालं ते विचारत होता.

मला राग आला. माझी लय तुटत होती. मी पंचाला म्हटलं, जो कोण व्यत्यय आणतोय त्याला बाहेर काढा.

पंच एकेका खेळाडूजवळ जाऊन त्याच्या डोक्याशी कान नेऊ लागला, डॉक्टर छाती तपासतात तसा. साकेतपाशी थांबला. पुढे आला. माझ्यापाशी थांबला आणि हेडबँड वर केला.

मशीन दाबली गेली की शिट्टी मारते. आई कायम सांगते, उशीवर डोकं टेकलं की तुझी मशीन कुकरसारखी ओरडते. पण ती शिट्टी एवढी बारीक की मशीन घालून पण मला ती येत नाही. अख्ख्या मैदानाला माझी मशीन ऐकू येत होती. मी सोडून. आणि ज्यांच्यासाठी मी हे केलं ते सोडून.

मला बाहेर काढलं, तो गुण त्यांना दिला. पुढची दहा मिनिटं आपले सहा जण खेळले. मी दोरीच्या बाहेर, डब्याशेजारी.

जिंकले. एकतीस-अठ्ठावीस. माझ्यावरच्या अन्यायाने पेटून उठले असणार, दुसरं काय.

मॅचनंतर माझ्याकडे कोणी आलं नाही. निशिगंधा मॅडम मात्र शिवरामदादाशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. माझी बाजू मांडत असणार. त्याला प्रत्येक वाक्य दोनदा सांगत होत्या.

२ डिसेंबर, मंगळवार

असोसिएशनच्या ऑफिसात बोलावलेलं. एक वर्ष बंदी. मी चष्म्याचा मुद्दा परत मांडला. त्यांनी सही कुठे करायची ते दाखवलं. मी सही केली, निषेधासह.

बाहेर साकेत उभा. मला वाटलं माफी मागायला आलाय. त्याने आधी मोबाईलवर एक शिवी टाईप करून दाखवली. तशी ती बरोबर होती, सहा जणांनी खेळावं लागलं. मग मी त्याला टाईप करून समजावलं की बाबा, साखळी माझ्या आवाजावर चालायची, मी धर म्हटलं की तुम्ही उडी मारायचा, म्हणून मशीन.

त्याने ते वाचलं. परत वाचलं. मग बराच वेळ टाईप करत होता.

"तू ओरडत होतास? आम्हाला वाटलं तुला दम लागतो म्हणून तोंड उघडतोस. एकदा दाबलं म्हणजे तयार. दोनदा दाबलं म्हणजे उडी. तू दोनदा दाबायचास, आम्ही उडी मारायचो. तुझा हात चांगला आहे. कान कशाला पाहिजे होता?"

मी त्याला सांगितलं की असं काही नाही. तो योगायोग होता, आवाज मुख्य. त्याने खांदे उडवले, जर्सी परत दे अशी खूण केली. ही खूण मला कळली. देणार नाही अशी मी मान हलवून खूण केली. ती पण त्याला कळली.

घरी येऊन बराच वेळ उजव्या हाताने डावा हात दाबून बघितला. काही नाही, हाताला मुंग्या आलेल्या.

७ डिसेंबर, रविवार, दुपार

वीस तारखेला राज्य स्पर्धा. निर्णय घेतले ते लिहून ठेवतो.

एक. कोणी पाया पडलं तरी मी आता या संघात जाणार नाही. बंदी त्यांनी घातलेली नाही, मी त्यांच्यावर घातली आहे.

दोन. मशीनवाल्यांची वेगळी असोसिएशन काढणार. मशीन सक्तीची. मशीन नसेल तर दोरीच्या आत प्रवेश नाही. सभासद सध्या एक. काल एका आजोबांना विचारलं, ते म्हणाले गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

तीन. खुणा शिकणार नाही. मोबाईलवर त्यांचे काही व्हिडिओ आपोआप आले, ते बघितले, अठरा. बघणं वेगळं, शिकणं वेगळं.

चार. जर्सी देणार नाही. मॅडमचे तीन मेसेज आले. उत्तर दिलं की साकेतच्या बाजूला माझ्या तोडीने साखळी धरणारा, पकडीचा दहा-पंधरा वर्षं अनुभव असलेला आणि टेस्टमध्ये पंचावन्नच्या वर बसणारा माणूस या जिल्ह्यात दाखवा, त्याच्या हातात मी स्वतः जर्सी देईन. त्यावर त्यांनी फक्त 'ठीक आहे' लिहिलं. माणूस हरला की एवढंच लिहितो.

आता त्या येणारच. त्यांना पर्याय नाही. आईला चहाचं आधण ठेवायला सांगितलंय, सात-आठ जणांचं, पोरं पण असतील. आले की आधी दहा मिनिटं ओट्यावर बसवायचं. मग मी जाणार. तीन अटी: मशीनला परवानगी, कॅप्टनशिप, लेखी माफी. दोन अटींवर तडजोड करू शकतो. ताणलं तर तिन्हींवर.

दोन वाजले. कोणी नाही. रविवार आहे, लोकलचा मेगाब्लॉक असणार.

साडेतीन. मशीन काढून बसलोय. दाराची कडी वाजली तरी लगेच धावायचं नाही म्हणून.

पाच वाजता

आई खोलीत आली, माझा खांदा हलवतेय. कोणीतरी आलंय. दहा मिनिटं बसव, अशी मी तिला हाताने खूण केली. ती जाईना. मशीन लाव म्हणाली. लावली.

मॅडम नाय, म्हणतेय. शिवराम आलाय. एकटाच. ठाण्याच्या दवाखान्यातला कागद घेऊन आलाय, चांगला कान अठ्ठावन्न, आणि मॅडमनी त्याला सात नंबरची जर्सी न्यायला धाडलाय.